पहिला पाऊस: सातारा-सांगलीकरांनो, आठवणी लिहा

काल संध्याकाळी वळीव झाला. लाइट गेली, खिडकी उघडली, मातीचा वास आला आणि पाटणचं आजोळ डोळ्यापुढं उभं राहिलं. आजोबा रोहिणीत भाताची धूळवाफ पेरणी करायचे. कोरड्या फुफाट्यात बी टाकून म्हातारा निवांत. "आजोबा, पाऊस नाही आला तर?" ते नुसते डोंगराकडं बघायचे. मृगाच्या सरी झाल्या की आठवड्याभरात सुईएवढी हिरवी टोकं वर. मी बांधावर बसून मोजायचे. तुम्हीपण लिहा.

माणदेशी: आमच्याकडं ढग येतात, सावली देतात, निघून जातात. जिल्हा एकच, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर आणि आमच्या दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास. पण वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे ते मृगाच्या आत घाट चढून यायचे. तिथल्या चिखलात खूर कुजतात. आई रात्री दारात बसून कुत्र्यांचा आवाज ऐकायची. आमचा पावसाळा त्या आवाजानं सुरू व्हायचा.

वाईकर: मृगाचे किडे!! लाल मखमली. काड्यापेटीत गवत घालून शाळेत न्यायचो. आता पोरांना दाखवायला एक सापडत नाही.

शिराळ्याची सून: आमच्यात अजून धूळवाफच. आज कौलं शाकारून झाली, सगळं अंग दुखतंय. नंतर लिहिते.

कृष्णाकाठ_सांगली: मला पाऊस आवडायचा. आता आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट चढलं तेच आठवतं. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 ला 57 च्या वर गेलं. आईचं लग्नातलं शालू-पातळ गाळातून काढलं, चार वेळा धुतलं, घडी उलगडली की अजून बारीक वाळू पडते. ऑगस्टमध्ये झोपायच्या आधी कोयनेतून किती क्युसेक सोडलंय ते बघितल्याशिवाय डोळा लागत नाही.

वाईकर: ताई, वाचून गलबललं. काळजी घ्या.

कडेगाव: फुले संगम सोयाबीन कुणी पेरलंय का? बियाणं घरचंच आहे.

शिराळ्याची सून: दादा, उगवण तपासा आधी. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ओलं ठेवा, सत्तर तरी उगवले पाहिजेत. आणि 75-100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. वळवावर भुलून गेल्या साली आमच्या दिरांना दुबार पेरणी करावी लागली.

कडेगाव: आजच ठेवतो वहिनी.

धागाकर्ती: माणदेशी, यंदा मेंढरं आली का?

माणदेशी: परवा रात्री. आता भाऊ जातो. वाटेत दोन कोकरं झाली, ती घोड्यावर घालून आणली. आई अजून दारातच बसते.