घरगुती कोकम-आमसुलांच्या धंद्यासाठी वेबसाइट करायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: राजापूरहून

नमस्कार मंडळी. सासूबाई, मी आणि गावातल्या दोघीजणी मिळून कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ करतो. यंदा चौथं वर्ष. आतापर्यंत सगळी विक्री व्हॉट्सॲपवर चालली. पण मे महिन्यात संध्याकाळी सहापासून दहापर्यंत मी नुसती 'दर काय?' याची उत्तरं लिहीत असते, आणि नेमकी तेव्हाच आमसुलं वाळवणावरून आत घ्यायची असतात.

वेबसाइटसाठी एकांनी ४५ हजार सांगितलेत, शिवाय दरवर्षी १२ हजार. त्यात सरकणारी चित्रं, 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय', पन्नास फोटोंची गॅलरी आणि किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा. आमची वर्षाची शिल्लक दीड लाखाच्या आसपास, त्यामुळे हात पुढे होत नाही. एवढा खर्च करावा का? मजकूर मराठीत असावा की इंग्रजीत? आणि पैसे साइटवरच घ्यावेत का?

उत्तर: देवगडहून, हापूसवाले

ताई, आत्ता कोणालाही पैसे देऊ नका. आधी दहा-वीस रुपयांची वही आणा आणि फोनशेजारी ठेवा. येणाऱ्या प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न माणसाने विचारला तसाच, त्याच्याच शब्दांत लिहून काढा. महिनाभराने त्या वहीत तुमची वेबसाइट तयार असेल.

माझा अनुभव सांगतो. आमची दोनशे कलमं आहेत, सहा हंगाम मी थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतोय. पहिली साइट केली तिच्यावर समुद्राचा फोटो, आजोबांचा फोटो, बागेचा इतिहास. फोन मात्र तेवढेच. दुसऱ्या वर्षी वही ठेवली तेव्हा कळलं की निम्मे फोन एकाच गोष्टीचे: 'पेटी उघडली तर आंबे हिरवे निघाले, फसवलंत का?' आम्ही आंबा कच्चाच पाठवतो, पेंढ्यात घालून. घरी आठवडाभरात पिकतो. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलंय की सांगावंसंच वाटलं नव्हतं. मग एक साधं पान केलं: पेटी आल्यावर काय करायचं, वास कधी सुटतो, आंबा कुठे दाबून बघायचा, फ्रीजमध्ये कधी ठेवायचा. सोबत पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशीचा त्याच आंब्याचा फोटो. ते पान आता पेटी निघाली की लगेच गिऱ्हाइकाला पाठवतो. तक्रारीचे फोन जवळजवळ बंद झाले.

तुमच्याकडे आगळाचं असंच होत असणार. घाटावरच्या माणसाला आगळ आणि अमृत कोकम, म्हणजे साखर घातलेला कोकमाचा पाक, एकच वाटतं. तो आगळात पाणी घालून सरबत म्हणून पितो आणि खारट लागलं म्हणून रागावतो. तेव्हा आगळात मीठ असतं, साखर नसते, ते सोलकढीसाठी आहे, हे दराच्या शेजारीच लिहा, दुसऱ्या पानावर नको.

आता पोटतिडकीने सांगतो ती गोष्ट. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर घ्या. माझा पत्ता साइट करणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर घेतला होता. मला काही कळत नव्हतं, मी मान डोलावली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये, पहिल्या पेट्या निघायच्या वेळेला, मुदत संपली आणि साइट बंद. तो फोन उचलेना. पेट्यांवर तोच पत्ता छापलेला, आठशे खोकी तयार. बायकोने आणि मी रात्री बसून एकेका खोक्यावर चिकटपट्टी लावली. शेवटी नवा पत्ता घेतला, पण जुन्या पत्त्यावर आलेली किती माणसं परत गेली ते कधीच कळणार नाही.

४५ हजार देऊ नका. एकच लांब पान पुरेल: माल, दर, वजन, कुठे पाठवता, किती दिवसांत पोचतं, बाटली फुटली तर काय. खाली तुमचा अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. तुम्ही चौघी कातळावर आमसुलं वाळवताय असा एक खरा फोटो टाका. त्याने जो विश्वास बसतो तो 'आमचे ध्येय' वाचून बसत नाही.

उत्तर: पुण्याहून

मी वेबसाइटी बनवण्याचंच काम करते. वरचं सगळं पटलं, विशेषतः डोमेनचं. त्यात थोडी भर.

मजकूर मराठीत ठेवा आणि मालाची नावं, दर, पोचवण्याची माहिती इंग्रजीतही द्या. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक दोन्ही लिप्यांत शोधतं. पण मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसतं अशा पद्धतीत. लेबलं छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून मजकूर घ्याल तर तो बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. साइटवर त्याची अगम्य इंग्रजी अक्षरं होतात. मग त्यावर तोडगा म्हणून लोक सगळ्या मजकुराचं चित्र करून लावतात. असं करू नका. दर बदलला की दर वेळी नवं चित्र करावं लागतं, आणि चित्रातलं वाचून गूगल तुम्हाला शोधून देईल याचा भरवसा नाही. मोबाइलवर सरळ टाइप केलेलं मराठी युनिकोडच असतं. 'मुक्त' किंवा 'बलू' हे 'एक टाइप' या संस्थेने केलेले फॉन्ट फुकट आहेत आणि छान वाचता येतात.

सरकणाऱ्या चित्रांना नाही म्हणा. मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे पन्नास फोटो एका पानावर टाकले तर एसटीत बसून बघणारा माणूस पान उघडायच्या आधीच निघून जातो. फोटो लहान करून प्रत्येकी २०० केबीच्या आत आणा. आठ-दहा पुरेत.

पैशांसाठी सुरुवातीला पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेऊन देणारी सेवा, नको. ते साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. १८० रुपयांच्या बाटलीत ते फार जात नाहीत, पण परतावा आणि हिशेब सांभाळायला तुमच्याकडे माणूस नाही. प्रत्येक मालाखाली व्हॉट्सॲपचं बटण द्या, त्यात 'आगळ, एक लिटर, हवं आहे' असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. गिऱ्हाइकाने फक्त संख्या आणि पिनकोड लिहायचा, पैसे यूपीआयने.

आणि गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद, आजच करा. फुकट आहे. पडताळणीसाठी बऱ्याचदा जागेचा व्हिडिओ मागतात, तो दिवसाउजेडी काढा.

उत्तर: राजापूरहून

दोघांचेही मनापासून आभार. वही ठेवून आज आठ दिवस झाले. ३१ फोन. त्यातले १४ जण 'आगळात साखर किती?' विचारणारे! देवगडचे दादा, तुम्ही म्हणालात तेच. नऊ जणांनी विचारलं की काचेची बाटली पोचेल ना. पाच जणांना आमसुलं काळी का दिसतात ते हवं होतं. 'दर काय' एवढंच विचारणारे फक्त तिघे. मला वाटत होतं सगळे तेच विचारतात.

काळ्या आमसुलांचं सासूबाईंना वाईट वाटलं. आम्ही सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, पुन्हापुन्हा रसात बुडवून उन्हात वाळवतो, त्यानेच रंग गडद होतो. हे कसं लिहू? आणि पावसाळ्यात माल संपतो तेव्हा साइट बंद ठेवायची का?

उत्तर: देवगडहून, हापूसवाले

बंद ठेवू नका. वरती ठळक लिहा: 'यंदाचा माल संपला. नवीन आगळ मे महिन्यात. नाव आणि नंबर द्या, आम्ही कळवू.' माझ्याकडे जूननंतर अशीच यादी जमते आणि फेब्रुवारीत पहिला निरोप त्यांनाच जातो.

आमसुलांचं तुम्ही लिहू नका. सासूबाईंना बोलू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्या बोलतील तसं उतरवा. सोबत पहिल्या पुटाचं (एकदाच रसात बुडवलेलं) आणि शेवटच्या पुटाचं आमसूल एका ताटलीत ठेवून फोटो काढा. ऊन तिरपं असताना काढा, दुपारी बाराला रंग नीट येत नाही.

काचेच्या बाटल्यांचं खोकं कसं भरता? त्याचा फोटो इथे टाका, आमच्याकडे पल्पच्या बाटल्या ट्रॅव्हल्सने जातात. मधे पुठ्ठ्याची उभी फळी घालायला लागल्यापासून फूट फार कमी झाली आहे.