मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात रुग्णवाहिकेतील तातडीची औषधे कशी टिकवावीत?

नमस्कार.

नागपुरातील एका सेवाभावी संस्थेच्या रुग्णवाहिकेवर मी सहायक आहे आणि गाडीतली औषधपेटी माझ्याकडे असते. कोणाला कोणते औषध किती द्यायचे हे आमचे डॉक्टर ठरवतात. माझा प्रश्न साठवणुकीचा आहे.

बहुतेक इंजेक्शनांच्या वेष्टनावर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा, असे छापलेले असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत उष्ण नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तो त्याहूनही चढतो. इंजिन चालू असेपर्यंत एसी असतो. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत रुग्ण उतरवून कागदपत्रे होईपर्यंत गाडी बंद राहते आणि परत येईपर्यंत पेटीच्या पत्र्याला हात लावणेही कठीण होते.

सर्वांत जास्त काळजी ॲड्रेनॅलिनची वाटते. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाला ते दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम शिरेतून दिले जाते आणि तीव्र ॲलर्जीत 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. दोन्ही वेळी दुसरी संधी मिळेलच असे नसते. उष्णता आणि उजेड त्याला सोसत नाहीत. द्रावण गुलाबी किंवा तपकिरी दिसले की कुपी बाद करायची, असे आम्हाला शिकवले आहे आणि पाळी सुरू होताना मी प्रत्येक कुपी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहतो. मात्र काचच तपकिरी असल्याने फिकट गुलाबी छटा कळत नाही आणि रंग न बदलताही औषधाची शक्ती घटलेली असू शकते. मग भरवसा कशावर ठेवायचा?

झटक्यांवरचे लोराझेपाम आणि ऑक्सिटोसिन यांना 2 ते 8 अंश लागतात. झटक्यांसाठी आमच्या डॉक्टरांनी मिडाझोलॅम निवडल्यामुळे तो भाग सुटला, कारण ते फ्रीजबाहेर टिकते आणि शीर सापडली नाही तरी स्नायूत देता येते. ऑक्सिटोसिन मात्र गाडीतच प्रसूती झाल्यास रक्तस्राव आवरण्यासाठी हवेच. ते बर्फाच्या पाकिटांसह थंड पेटीत ठेवतो, पण पाकीट कुपीला टेकले तर औषध गोठण्याची भीती असते.

ॲट्रोपिनची अडचण निराळी आहे. विदर्भात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. त्यांना पहिलाच डोस 1.8 ते 3 मिलिग्रॅम असतो आणि छातीतला स्राव आटोक्यात येईपर्यंत दर 5 मिनिटांनी तो दुप्पट करावा लागतो. आपल्याकडची कुपी 0.6 मिलिग्रॅमची, म्हणजे सुरुवातीलाच तीन ते पाच कुप्या लागतात. एवढा साठा लहान थंड पेटीत मावत नाही.

विदर्भात रुग्णवाहिकेवर, औषधनिर्माणशास्त्रात किंवा लसींच्या शीतसाखळीत काम करणाऱ्यांना विनंती आहे की, गाडी बंद असतानाही तापमान राखणारी कोणती पेटी आपण वापरता आणि ती दुपारभर खरोखर टिकते का, हे कृपया अनुभवाने सांगावे. कमाल-किमान तापमान नोंदवणारा तापमापक पेटीत ठेवण्याचा माझा विचार आहे. पण नोंद 40 अंशांची निघाली, तर ॲड्रेनॅलिन लगेच बाद करावे की उन्हाळ्यापुरता साठा ठरावीक मुदतीने बदलत राहावे? आपल्या संस्थेत याचा लेखी नियम असेल तर तो इथे द्यावा, म्हणजे आमच्या डॉक्टरांपुढे तो ठेवता येईल.