पिकनिक, सहल की वनभोजन?

प्रश्न : चार वर्षांच्या भाचीला इंग्रजी चित्रपुस्तकं मराठीतून सांगते. सध्याच्या पुस्तकात एक कुटुंब टोपली घेऊन नदीकाठी जातं, चादर अंथरतं, खायला बसतं आणि पाऊस येतो. मी ‘सहल’ म्हणत होते, आई म्हणते ‘वनभोजन’ म्हण. तुम्ही काय म्हणाल?

ठाणे : सहल नको. सहलीत जाणं महत्त्वाचं. शाळेची सहल एसटीने रायगडावर जाते, तिथे डबा खाल्ला काय नि नाही खाल्ला काय, ती सहलच. तुमच्या पुस्तकात सगळी मजा खाण्याची दिसतेय.

यवतमाळ : आमच्याकडे वनभोजन म्हटलं की चूल मांडणं आलं. शाळेच्या वनभोजनाला कुणी वाटीभर तांदूळ आणायचं, कुणी डाळ, कुणी वांगी. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि राख झटकून खायचे. घरून सँडविच बांधून नेलं तर त्याला वनभोजन कोण म्हणेल? हां, कार्तिकातलं आवळीभोजन वेगळं. त्याला घरून डबे नेलेले चालतात, फक्त पंगत आवळ्याखाली बसली पाहिजे.

अलिबाग : एवढा काथ्याकूट कशाला? आपल्याकडे पदार्थाचंच नाव बेताला देतात. सोलापूरकडे हुरडा पार्टी, जळगावकडे भरीत पार्टी, आमच्याकडे थंडीत पोपटी. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. तोंडही पाल्यानेच बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. याची चित्रं असलेलं पुस्तक कुणीतरी काढा राव, मुलं आधी मडकं केव्हा उघडतं तेच विचारतील.

पुणे : थोडा इतिहास. फ्रेंचमधलं मूळ ‘पीक-नीक’ म्हणजे प्रत्येकाने आपला वाटा देऊन केलेलं जेवण. ते घरातही होई. उघड्यावरचं जेवण हा अर्थ इंग्रजीत 19व्या शतकात रुळला. त्या जुन्या अर्थाला जवळचा आपला शब्द म्हणजे गोपाळकाला : सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या. पण चौकटीच्या चादरीवर केक खाणाऱ्या कुटुंबाला काला म्हणू नका, चित्र आणि शब्द भांडतील. इथे ‘पिकनिक’च ठेवा. मुलांना तो शब्द परका नाही.

प्रश्नकर्ती : पटलं. पिकनिक ठेवते, टोपलीतल्या खाण्याला ‘शिदोरी’ म्हणते. काल तसं म्हणून पाहिलं, तिने लगेच टोपलीवर बोट ठेवलं. आता पुढचा पेच. पुस्तकात मुंग्यांची रांग केकवर चढते, तिथे ती दर वेळी थांबवते आणि विचारते, ‘मुंग्या कशाला आल्या?’ ‘पिकनिकला’ म्हटलं तर म्हणते, ‘मग त्यांचा डबा कुठाय?’

यवतमाळ : सांगा, त्या फुकट्या आहेत. हा शब्द तिला शाळेत गेल्यावर लागणारच आहे.