नुसत्या बोनसने वंश वेगळा वाटत नाही

रोल-प्लेइंग गेममध्ये (जिथे प्रत्येक जण एक पात्र होऊन खेळतो) पात्राच्या ताकदीच्या आकड्याला +२ बोनस आणि निळी कातडी दिली की नवीन रेस, म्हणजे वंश, तयार असं काही जण म्हणतात, मला हे अजिबात पटलं नाही, खेळाच्या दुसऱ्या बैठकीपर्यंत, म्हणजे सेशनपर्यंत, तो वंश नुसता निळा माणूस होऊन बसतो. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या गेमनेसुद्धा २०२४च्या नियमांत हे बोनस वंशाकडून काढून बॅकग्राउंडकडे, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याकडे, नेलेत. त्यापेक्षा शरीरातली एकच गोष्ट बदला आणि तिचा पिच्छा पुरवा. समजा एका जमातीला दिसतच नाही, सगळं वासावर चालतं, मग करार कसे करणार? दोघांनी एकाच फडक्याला घाम पुसायचा, तीच सही, आणि भिजलं तर वास जातो म्हणून पावसात व्यवहार बंद. आता प्लेअरला खोटी सही करायची तर आधी कुणाचा तरी घाम चोरावा लागेल, अख्खं सेशन त्यावर निघतं!