आजीलाही घेऊन जायचंय: एका दिवसाच्या सहलींचे अनुभव

मंडळी, मुंबईहून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल याच्या याद्या भरपूर आहेत. पण तिथे पायऱ्या किती, बसायला सावली आहे का, बाथरूम कुठे, हे त्यात कोणी लिहीत नाही. मग तरुण मंडळी निघतात आणि घरातलं वडील माणूस म्हणतं, "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी." हे वाक्य मला फार लागतं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांचे डबे भरून दिले आणि स्वतः दारात उभं राहून टाटा केला.

म्हणून हे आवाहन. घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला, मग ते ऐंशीचं असो की दोन वर्षांचं, बरोबर घेऊन तुम्ही कुठे गेलात? कसे गेलात, कसे परतलात? लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही सासूबाईंना घारापुरीला नेलं. गेटवेहून लाँचने साधारण तासभर लागतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खरी परीक्षा लाँचमध्ये चढतानाच असते. दोन-तीन लाँच एकमेकींना खेटून उभ्या असल्या की एकीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. खलाशी हात देतात, तिथे अजिबात घाई करू नका, मागचे थांबतात. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी धावते. पुढे साधारण १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही. डोलीही मिळते, भाव आधी ठरवून घ्या. सासूबाईंनी डोली नको म्हटलं आणि दुकानादुकानाशी थांबत चढल्या. माळा विकणाऱ्या एका बाईंनी आपलं स्टूल त्यांना दिलं, पाणी दिलं, आणि दोघींच्या गुडघ्यांच्या गप्पा इतक्या रंगल्या की आम्हीच ताटकळलो!

वर सगळी गर्दी तीन मुखांच्या सदाशिवासमोर. ती मूर्ती जवळपास वीस फूट उंच आहे, नजर हटत नाहीच. पण सासूबाई थांबल्या त्या शंकर-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पासमोर. बरंच भंगलंय ते, तरी त्या म्हणाल्या, "मान बघ कशी खाली घातलीय पोरीने. माझीही अशीच होती." मग सासऱ्यांच्या लग्नातल्या फेट्याची गोष्ट सांगितली, जी घरात कोणालाच माहीत नव्हती.

सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा.

डोंबिवलीहून

माथेरान. बाबांना घेऊन. ते गिरणीत होते, आता दम लागतो. नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत गेलो, त्यापुढे गाड्यांना बंदी आहे. दस्तुरीहून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन, तिथून मिनी ट्रेनची शटल थेट माथेरानच्या बाजारात सोडते. नेरळहून वर येणारी १९०७ सालची जुनी लाइन पावसाळ्यात बंद ठेवतात, शटल मात्र तेव्हाही चालते. वडीलधारी माणसं असतील तर एकाने पुढे जाऊन तिकिटाच्या रांगेत उभं राहावं आणि बाकीच्यांनी सावकाश यावं.

हॉटेल स्टेशनपासून लांब होतं. मी हातरिक्षा ठरवली. बाबांनी रिक्षाकडे पाहिलं, रिक्षावाल्याकडे पाहिलं. तो त्यांच्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल. म्हणाले, "मी हातगाडी ओढलेली आहे. माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही." मी समजावलं की त्याचं पोट यावरच आहे. बाबा म्हणाले, "मग त्याला पैसे दे, आणि त्याला आपल्याबरोबर चालू दे."

आणि तसंच झालं. बॅगा रिक्षात, आम्ही तिघं रिक्षाच्या बाजूने. लाल मातीचा रस्ता, वर झाडांची कमान, दर थोड्या अंतरावर बाबांना दम खायला थांबायचं. रिक्षावाला भाऊ प्रत्येक झाड ओळखत होता. जांभूळ, हिरडा, अंजनी. अंजनीला निळी फुलं कधी येतात ते त्याने बाबांना सांगितलं आणि बाबांनी त्याला गिरणीतल्या पाळ्यांचं सांगितलं. पॉइंट आम्ही एकच पाहिला, बाजाराजवळचा. मला काहीच कमी वाटलं नाही.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा बंद करून ई-रिक्षा आणायचा आदेश दिला. बातमी मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. "आणि त्या माणसांचं काय, त्यांनाच देणार ना त्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आदेशात ते आहे, असं सांगितल्यावर मान हलवली. निदान तेवढं तरी नीट पार पडावं, असं मनापासून वाटतं.

लालबागहून

लहान मूल असेल तर लांब जाऊच नका. राणीची बाग! भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बुधवारी बंद. आमची लेक पेंग्विनच्या काचेला नाक लावून उभी राहिली ती हलेचना, आणि आतला गारवा मे महिन्यात मोठ्यांनाही सुखावतो. रस्ते सपाट, ढकलगाडी सगळीकडे जाते. प्राण्यांइतकीच तिथली झाडं बघा, गोरखचिंचेचं खोड तर मुलं हाताने मापायला धावतात. आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे. वर घारापुरीचं लिहिलंय ना, तिथला हा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. काळा घोडाही, म्हणजे मूळ पुतळा, बागेतच आहे. फोर्टात आता दिसतो तो नवा.

मुलुंडहून

बाबांना पक्षाघात झाल्यानंतर ते वर्षभर घरातच होते. समुद्र बघायचाय म्हणाले. अलिबागला रस्त्याने जायचं तर पेण-वडखळची कोंडी, आणि त्यांना इतका वेळ एकाच जागी बसवत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, २०२० पासून. गाडीच बोटीत घातली आणि तासाभरात पलीकडे. व्हीलचेअर डिकीत होतीच. साधी लाँच पावसाळ्यात बंद असते आणि तिच्यात चढताना पाय उचलावाच लागतो, त्यामुळे आमच्यासारख्यांना रो-रोचाच आधार आहे. तिकीट आधी काढा, शनिवार-रविवारी गाड्यांची जागा लवकर भरते.

किनाऱ्यावर वाळूत व्हीलचेअर रुतते. आम्ही ओहोटीची वेळ बघून गेलो होतो. पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट असते, तिच्यावरून चाकं चालतात. कोरड्या पट्ट्यातून मात्र दोघांनी खुर्ची उचलून न्यावी लागली. बाबांचे पाय पाण्यात बुडवले. उजव्या पायाला गार लागतंय, असं ते म्हणाले. तो त्यांचा अधू पाय.

विरारहून

आम्ही मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. एकीला बायपास झालेली, एकीला सारखं बाथरूमला लागतं. डहाणू लोकलने केळवे रोडला उतरलो, पुढे रिक्षाने गावात. सुरूच्या बनातून किनारा, शितलादेवीचं देऊळ, आणि एका घरात जेवण आधी फोन करून सांगितलेलं. जेवणापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या घरात आम्हाला दुपारी आडवं होता आलं आणि बाथरूम वापरता आलं. बायकांच्या सहलीत ही पहिली गरज आहे आणि ती मोठ्याने बोलायला लाजू नका.

मागच्या वाडीत विड्याच्या पानांची लागवड होती. मांडवाखाली हिरवी सावली, आणि वेल पट्टीने बांधून वर चढवलेले. तिथल्या काकूंनी कोवळं पान तोडून हातात दिलं. नुसतंच खाल्लं, तिखट-गोड. परतीच्या गाड्या विरळ असतात, वेळ लिहून ठेवा. आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघाच.

ठाण्याहून

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात मुलंच जास्त होती. पाऊस वर डोंगरात पडतो आणि खाली पाणी काही क्षणांत वाढतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, की त्याच क्षणी बाहेर. मुलं रडली तरी चालतील. आमच्या घरात पावसाळी सहल म्हणजे घाटातल्या टपरीवर बसून कांदाभजी आणि भुट्टा, लांबून धबधबा. आजीही येते, कारण यात चालायचं नसतं.

बोरिवलीहून

कान्हेरीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत बस मिळते. सोमवारी बंद. वर पायऱ्या बऱ्याच आहेत, पण मोठा चैत्य अगदी सुरुवातीलाच लागतो, तेवढा पाहून आजी-आजोबांना तिथल्या दगडी ओट्यावर बसवता येतं. माकडं पिशव्या ओढतात, खाऊ हातात धरू नका.

आता माझा प्रश्न. आईला वसईचा किल्ला दाखवायचाय. चिमाजी अप्पांची गोष्ट तिने शाळेत शिकवली, पण किल्ला स्वतः कधी पाहिला नाही. तिला काठी घेऊन सपाटीवर चालता येतं, चढ जमत नाही. रिक्षा आतपर्यंत कुठवर जाते आणि आत बसायला जागा कुठे आहे? कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा, येत्या रविवारी निघायचा विचार आहे.