निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. फोनवरचा निरोप सरकारी कार्यालयाने अर्ज मानावा का?

पूर्तताग्रस्त
वडील फेब्रुवारीत गेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदात तिच्या नावातला एक काना गळालाय. ‘शारदा’ची ‘शरदा’ झाली, आणि बँक म्हणते नाव जुळत नाही. दुरुस्ती जिथून व्हायची त्या कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण परत तिथेच जायचंय.

त्यांच्या पाटीवर दोन नंबर रंगवलेत. लँडलाइन नुसता वाजत राहतो. मोबाइल नंबरखाली लिहिलंय, ‘चौकशी व तक्रारीसाठी, केवळ व्हॉट्सअ‍ॅप’. नऊ आठवड्यांत मी तिथे अकरा निरोप टाकले. अकराही निरोपांवर दोन-दोन निळ्या खुणा. तिसऱ्या वेळी तर मिनिटभरात वर ‘टायपिंग’ असं उमटलं. मी फोन हातात धरून बसलो. मग ते गेलं. त्यानंतर काही नाही.

माझं म्हणणं एवढंच की नंबर तुम्ही छापलात, तर त्यावर आलेला निरोप हा अर्जच. त्याला आवक क्रमांक, म्हणजे आलेल्या कागदाचा नोंद क्रमांक, पडलाच पाहिजे आणि मुदतही लागली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात २००५चा कायदा आहे, ज्याला लोक ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. त्याच्या कलम १०प्रमाणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, विचारायचं असेल तर ३ महिने. मग माझ्या अकरा निरोपांना यातलं काहीच लागू नाही?

निवृत्त अव्वल कारकून
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं पटलं नाही.

७ दिवस फाईलला आहेत, फोनला नाहीत. कागद येतो, बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कक्षात, आवक क्रमांक पडतो, कुठल्या टेबलाचा ते ठरतं, मग तो त्या टेबलाच्या कामांच्या वहीत, म्हणजे कार्यविवरण नोंदवहीत, चढतो. तिथपासून तो कुणाचा तरी होतो. साहेब आढावा घेतात तेव्हा ‘तुझ्याकडे किती प्रलंबित?’ याचं उत्तर त्या वहीतून येतं. तुमचा निरोप कुणाच्याच वहीत नाही. त्याला हात न लावणाऱ्याची प्रलंबितता शून्य. आणि कुणी चांगुलपणानं दुरुस्ती करून टाकली, तर लेखापरीक्षणात पहिला प्रश्न, कशाच्या आधारे केलीस? अर्ज दाखव.

जे दप्तरात नाही ते जगात नाही, अशी एक जुनी लॅटिन म्हण आहे. तेव्हा अकरा निरोपांऐवजी एक कागद लिहा, पोच घ्या.

पूर्तताग्रस्त
काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. वहीत नाही म्हणून कुणाचा नाही, आणि वहीत का नाही? घेत नाहीत म्हणून. मग पाटीवर नंबर कशाला रंगवलाय?

निवृत्त अव्वल कारकून
वरून आदेश आला असेल. आदेशाचं अनुपालन म्हणजे पाटी रंगवणं. पाटीचा फोटो अहवालाला जोडला की विषय दप्तरी दाखल, म्हणजे बंद. (यात मला अभिमान नाही, पण होतं ते असं होतं.)

मीरा_रांगेतली
कागद नाही तर अर्ज नाही, हे कारकूनकाकांचं म्हणणं कायद्यानंच दोन ठिकाणी खोडलंय.

माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ६. ज्याला लेखी अर्ज करता येत नाही त्याची तोंडी विनंती कागदावर उतरवायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची असते. करता आली तर कर असं नाही, करायचीच. दुसरं, पोलिस ठाणं. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ती तिथल्या अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १५४ होतं, जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७३ झालंय.

म्हणजे गुन्ह्याची खबर बोलून चालते आणि नावातला काना बोलून चालत नाही. माझे एक नातेवाईक अंध आहेत. ‘एक कागद लिहा’ हे काकांचं वाक्य त्यांच्या कानांनी ऐकून बघा.

निवृत्त अव्वल कारकून
मीराताई, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. ठाण्यात माणूस समोर असतो. फोनवर कोण बोलतंय ते कसं ओळखायचं? उद्या भावकीतल्या कुणी ‘शारदाबाईंचा मुलगा बोलतोय, खातं क्रमांक बदला’ असा निरोप टाकला तर? मी असे उद्योग पाहिलेत. सहीचा कागद हा साहेबाचा हट्ट नाही, ते त्या बाईंचं संरक्षण आहे.

मीरा_रांगेतली
निरोपावर नाव बदला असं कोण म्हणतंय? निरोपावर नंबर द्या, एवढंच. ‘तुमचा निरोप मिळाला, आवक क्रमांक अमुक, टेबल तमुक, ही कागदपत्रं आणा.’ निर्णय पुरावा बघूनच घ्या. पोच देणं आणि काम करणं या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठोड्यात बांधताय.

टेबल क्रमांक ४
इतके दिवस नुसतं वाचत होतो. आमच्या ऑफिसातला तो मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

पूर्तताग्रस्त, तुमचं ऑफिस वेगळं असेल, पण रोग एकच. निळ्या खुणा कशा येतात? त्याच नंबरावर वरिष्ठांचे निरोपही येतात. ‘माहिती ४ वाजेपर्यंत पाठवा’ हे सुटू नये म्हणून प्रत्येक निरोप उघडावा लागतो. उघडला की खूण निळी. माझ्याकडे दोन टेबलं आहेत, शिवाय एका रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार. रिचार्ज मी खिशातून करतो, तो विषय वेगळा.

आणि ते ‘टायपिंग’ का थांबतं तेही सांगतो. पूर्वी आमच्या एकानं असंच लिहिलं होतं, ‘तुमचं काम पुढच्या आठवड्यात होईल.’ झालं नाही, कारण सही करणारे साहेब बदलून गेले. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडून आला. खुलासा कुणाला द्यावा लागला? ज्यांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं त्यांना नाही. तेव्हापासून मी लिहायला घेतो, दोन शब्द लिहितो, पुसतो.

शंकासुर
वा, म्हणजे बिचारे तुम्हीच. फोन उचलला नाही की माणूस स्वतः येतो. आला की साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला. मग फाटकाबाहेर बाकड्यावर बसलेला एजंट सांगतो, ‘द्या इकडे, मी बघतो.’ त्या एजंटाचा फोन मात्र आत पहिल्या रिंगला उचलला जातो. शांतता ही काही आळसातून येत नाही, तिचा धंदा होतो.

टेबल क्रमांक ४
काही ठिकाणी होतं, नाकारत नाही. पण मी तो धंदा करत नाही आणि तरीही उत्तर देत नाही. तुमच्या हिशेबात मी कुठे बसतो?

केबलजोड
दूरध्वनी खात्यात आयुष्य गेलं, म्हणून एक वेगळी गोष्ट. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचा गणिती होता. एक्स्चेंजला किती लाइनी लागतील, ग्राहकाला किती ताटकळावं लागेल, याची सूत्रं त्यानं १९१७ साली मांडली. गंमत अशी की भार क्षमतेच्या जवळ गेला की थांबायचा वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळतो. एक माणूस कमी झाला तर रांग थोडी वाढेल असं वाटतं, ती दुपटी-तिपटीनंही वाढू शकते.

आणि उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा फोन करतो. पूर्तताग्रस्त यांच्या अकरा निरोपांतले दहा हे पहिल्याला उत्तर नव्हतं म्हणून आहेत. टेबल ४ ज्या भाराखाली दबलेत त्यातला बराचसा त्यांच्याच गप्प राहण्यानं तयार झालाय.

टेबल क्रमांक ४
हे लागलं. आज मोजतो, एकाच माणसाचे किती आहेत ते.

निवृत्त अव्वल कारकून
सक्तीवाल्यांना एक सांगतो, मग थांबतो. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा बघा. अधिसूचित, म्हणजे त्या कायद्याखाली जाहीर केलेली, सेवा मुदतीत दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे त्या सेवेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. पण घड्याळ लागलं की काही टेबलं काय करतात? मुदतीच्या आदल्या दिवशी त्रुटी काढतात. ‘साक्षांकित प्रत जोडली नाही.’ कागद परत, घड्याळ बंद. फोनला मुदत लावलीत तर फोनलाही त्रुटी निघेल, ‘निरोप अस्पष्ट आहे’.

पूर्तताग्रस्त, वाद चालू द्या, पण काम अडवू नका. अर्जात विषय असा लिहा, ‘नावातील दुरुस्तीबाबत, व्हॉट्सअ‍ॅपद्वारे वेळोवेळी कळविल्यानुसार’. खाली अकराही तारखा. मग ते निरोप कागदावर आले, म्हणजे जगात आले.

पूर्तताग्रस्त
आज गेलो होतो. काकांनी सांगितला तसाच अर्ज, अकरा तारखा, आईची सही.

बारनिशीच्या खिडकीत एक ताई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का शाईवर दाबला, आणि तेवढ्यात मागच्या टेबलावरचा लँडलाइन वाजायला लागला. हा तोच नंबर, मी ज्याची रिंग नऊ आठवडे दुसऱ्या टोकाने ऐकली. ताईंनी शिक्का हातात तसाच धरून मागे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणू शकलो असतो, घ्या तो फोन, मी थांबतो. पण तसं म्हणालो नाही. माझ्या कागदावर शिक्का पडायचा होता आणि मागे रांगेत सात जण होते. रिंग वाजून वाजून थांबली.

मीरा_रांगेतली
पोच मिळाली ना पण?

पूर्तताग्रस्त
मिळाली. शिक्का ठळक आहे, तारीख आहे, सहीसुद्धा आहे. ‘आवक क्र.’च्या पुढे मात्र रिकामं आहे, घरी आल्यावर दिसलं.

निवृत्त अव्वल कारकून
उद्या परत जा. साडेअकराच्या आत, वही बंद व्हायच्या आधी.