प्रिपोझिशन पाठ करून घ्यावं की कानावर सोडावं?

परभणीकर:
परवा पुतणीची इंग्रजीची वही बघितली. 'माय सिस्टर इज मॅरीड विथ अ टीचर', 'वी डिस्कस्ड अबाउट द मॅच', 'आय ॲम गुड इन मॅथ्स'. तिन्हींवर लाल रेघ. 'विथ'वर 'टू' लिहिलेलं, 'इन'वर 'ॲट', 'अबाउट' नुसतंच खोडलेलं. का खोडलं, ते एका शब्दानंही सांगितलेलं नाही. लेकरानं चूक मराठीतून आणली आहे: शिक्षकाशी लग्न, मॅचविषयी चर्चा, गणितात हुशार. माझं स्पष्ट मत आहे की शब्द शिकवतानाच त्याची जोडी पाठ करून घ्यावी. 'मॅरीड टू', 'गुड ॲट', 'डिपेंड ऑन'. आणि 'डिस्कस'ला जोडी नाही, हेही तेव्हाच सांगावं.

लातूरच्या मॅडम:
दादा, मला हे पटत नाही. पाठांतरानंच आमची लेकरं मुकी झाली. एकदा तोंड उघडल्यावर टोकलं की महिनाभर उघडत नाहीत. 'मॅरीड विथ' म्हटलं तरी समोरच्याला कळतंच ना? आणि इंग्रजीवाल्यांचं तरी कुठं एकमत आहे? ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. 'डिफरंट'पुढं कुणी फ्रॉम लावतं, कुणी टू, कुणी दॅन.

परभणीकर:
बोलताना टोकू नये, हे मान्य. पण नवरा कोण हे सांगताना 'विथ' दोन्हीकडं चूकच आहे, आणि पेपरात त्याचे मार्क जातात.

नांदेडकर:
मी मॅडमच्या बाजूनं. हिंदीत 'उससे मिला', आपण 'त्याला भेटलो'. आपल्याकडं दोन्ही भाषा कानावर पडतात, 'से' आणि 'ला' कुणी पाठ करून घेतलं होतं?

परभणीकर:
अहो, त्या भाषा गल्लीत दिवसभर ऐकू येतात. इंग्रजी आमच्या लेकराला वर्गात पाऊण तास भेटते, तीही फळ्यावर. कानावर सोडायचं तर कानावर पडायला नको का?

जालनेकर:
सगळंच पाठ करायची गरज नाही, काही ठिकाणी कारण दाखवता येतं. आपण 'एसटीत बसलो' म्हणतो म्हणून पोरं 'इन द बस' लिहितात. मी त्यांना विचारतो, कंडक्टर तिकिटं फाडत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो की नाही? जिथं असं उभं राहून चालता येतं ती बस, रेल्वे, विमान, तिथं 'ऑन'. कारमध्ये, ऑटोत वाकून शिरावं लागतं, तिथं 'इन'. एकदा सांगितलं की विसरत नाहीत.

लातूरच्या मॅडम:
कंडक्टरचं उद्याच वर्गात सांगते. जोड्या मात्र पाठ करून घेणार नाही.